खिळ्यावरचं पिवळं कार्ड

“मेलास ना? मग आता तरी बोल.”

नव्या पोराला दादाचं पहिलं वाक्य हे. पोरगं खुर्चीत अंग चोरून बसलेलं, पडद्यावर त्याचा शिपाई पालथा पडलेला, आणि मागं उभा राहून हा शांतपणे विचारतोय. दवाखान्यात डॉक्टर ‘कुठं दुखतंय’ विचारतात ना, त्या आवाजात. पोरगं म्हणायचं, “काय बोलू? मेलो की.” दादा म्हणायचा, “म्हणूनच म्हणलालो. मेलेल्यानं सगळ्यात जास्त बघितलेलं असतंय. गोळी कुठून आली? किती जण हुते? सांग बाकीच्याला. ते अजून जिते हायत.”

ज्यांनी हा खेळ कधी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी लिहितो. पाच जण या बाजूला, पाच जण त्या बाजूला. सगळ्यांच्या हातात बंदुका. एका बाजूनं बॉम्ब लावायचा, दुसरीनं लावू द्यायचा नाही. एकदा मेलं की तो डाव संपेपर्यंत नुसतं बघत बसायचं. बस, एवढंच. आयाबापांना यात फक्त बंदूक दिसते, आणि त्यांचं काही चुकत नाही. आम्हालाही सुरुवातीला तीच दिसायची.

दादाचं दुकान लातुरात, ट्युशन एरियात, एका मेसच्या खाली होतं. बाहेर पत्र्याची पाटी, ‘इंटरनेट, झेरॉक्स, सर्व फॉर्म भरून मिळतील’. आत दहा कम्प्युटर, पाच या भिंतीला, पाच त्या भिंतीला, त्यामुळे दोन्ही टीम एकमेकांकडे पाठ करून बसायच्या. वरून मेसच्या वरणाच्या फोडणीचा वास यायचा आणि साडेबारा वाजले हे घड्याळ न बघताच कळायचं. त्याला आम्ही दादा म्हणायचो. तोंडावर अहो-जाहो, पाठीमागे अरे-तुरे. आता आठवताना तो अरे-तुरेतच येतो, तसाच येऊ द्या.

वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. हडकुळा, इस्त्रीचा शर्ट, पायात स्लीपर. ‘सर’ म्हटलेलं त्याला खपायचं नाही. “सर तिकडं, मोठ्या बोर्डाखाली बसत्यात. इथं सर न्हाई, रँक न्हाई.” हे नुसतं बोलायला नव्हतं. त्याच्या दहाच्या दहा कीबोर्डांवरचं टॅबचं बटण त्यानं उपटून काढलं होतं.

का, तर त्या खेळात टॅब दाबलं की सगळ्यांचे आकडे दिसतात. कुणी किती मारले, कोण किती वेळा मेला, पहिला कोण, शेवटचा कोण. आणि आम्ही ट्युशनची पोरं. दर सोमवारी क्लासच्या भिंतीवर टेस्टची यादी लागायची, आणि आम्ही आधी आपलं नाव शोधायचो, मग आपल्या वर कोण आहे ते वाचायचो. माझा रूममेट स्वतःच्या नोट्स गादीखाली ठेवून त्यावर झोपायचा. मी त्याला नावं ठेवायचो, आणि माझ्या नोट्स पेटीत कुलपात ठेवायचो. अशी पोरं खेळायला बसली की दर मिनिटाला टॅब. बॉम्ब तिकडे टिकटिक करतोय आणि हे महाराज आपला आकडा बघतायत.

त्या बटणावरून रोज काहीतरी व्हायचं. तलाठ्याचा फॉर्म भरायला आलेल्या एक ताई वैतागून म्हणाल्या, “अहो, तुमच्या एकाही कीबोर्डाला हे बटण कसं नाही?” दादा म्हणाला, “ताई, उंदरानं नेलं.” त्या म्हणाल्या, “दहाच्या दहा?” “लई हुशार हाय तो. ट्युशनला जातोय.” मग स्वतः शेजारी बसून त्यानं त्यांचा अख्खा फॉर्म भरून दिला. काढलेली बटणं त्यानं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवली होती. “दुकान विकायची पाळी आली तर लागतील,” म्हणायचा.

आमच्यात अजून एक खोड होती, जी मी दुसऱ्या कुठल्या गावच्या पोरांत पाहिली नाही. आम्ही गोळीच झाडायचो नाही. समोर माणूस दिसतोय, बंदूक हातात आहे, आणि आम्ही विचार करतोय. दादानं ते बरोबर ओळखलं होतं. “ह्येंला वाटतंय, चुकलं तर मार्क कापतील,” तो मेसवाल्या मावशींना सांगायचा. “आरं, इथं निगेटिव्ह मार्किंग न्हाई. झाड.”

त्याचे नव्या पोरांसाठीचे नियम कुठं लिहिलेले नव्हते, पण पहिल्या आठवड्यात अंगवळणी पडायचे. एकट्यानं पुढे पळायचं नाही. “लघवीला जोडीनं जाताव, मग मरायलाच एकटे कशाला?” ज्याच्याकडे बंदूक नाही त्याला आपली जास्तीची द्यायची, मागायची वाट न बघता. चुकलेल्याला शिवी द्यायची नाही, कारण शिवी देताना पावलांचा आवाज ऐकू येत नाही. आणि सगळ्यात वरचा नियम म्हणजे बोलायचं. कुठं, किती, एवढंच. गोष्ट सांगायची नाही.

‘कुठं’ सांगायला जागांना नावं लागतात. खेळातली नावं इंग्रजी, ती नव्या पोरांच्या जिभेवर बसेनात. मग दादानं सगळा नकाशा लातूर करून टाकला. मधला चौक म्हणजे गोलाई. लांबलचक रस्ता म्हणजे औसा रोड. अंधारा बोगदा म्हणजे बोळ. उंच जागा, जिथून दूरवर नेम धरता येतो, ती पाण्याची टाकी. “गोलाईत दोन. टाकीवर एक.” मी मुखेडचा. लातुरात नवीन होतो तेव्हा खरी गोलाई मला खेळातल्या गोलाईवरून कळली. पहिल्यांदा तिथं गेलो तेव्हा वळणावर थबकून डावीकडे बघितलं होतं, आता हसू येतं.

मी मुखेडहून बारावी करायला आलेलो. अब्बांचं शिलाईचं दुकान होतं, अजून आहे, आता भाऊ बघतो. पोरगा डॉक्टर होणार म्हणून त्यांनी सगळ्या गिऱ्हाइकांना सांगून ठेवलेलं. पांढऱ्या कोटाचं माप ते माझं दहावीतच घेऊन बसले होते, गमतीनं, पण कागदावर लिहून. त्या कोटाचं ओझं काय असतं ते क्लासमध्ये दुसऱ्याच महिन्यात कळलं. सोमवारच्या यादीत मी खाली खाली सरकत होतो. खेळात मात्र माझा नेम चांगला होता, आणि सतरा वर्षांच्या पोराला कुठंतरी चांगलं असावं लागतं.

पण माझ्यात एक वाईट सवय होती. मेलो की मी गप्प व्हायचो. हाताची घडी घालून पडद्याकडे बघत बसायचो. कसा मेलो ते सांगायचं म्हणजे चूक कबूल करायची. मी बोळात एकटा गेलो होतो, किंवा मागे बघितलं नव्हतं, हे चौघांसमोर कशाला सांगा? चौघं त्याच बोळात जाऊन त्याच माणसाच्या गोळीनं मरायचे.

एका रविवारी नांदेडच्या एका कॅफेशी सामना होता. नेटवरून. ते तिकडे त्यांच्या दुकानात, आम्ही इकडे. तेव्हाच्या नेटचं काय सांगावं, माणूस मरायचा आधी आणि गोळी दिसायची नंतर. तरी बरोबरीत आलो. शेवटच्या डावात मी औसा रोडनं एकटाच घुसलो, नियम मोडून, आणि पडलो. मला मारणारा टाकीवर बसला होता, ते मी नीट बघितलं होतं. पण सांगितलं नाही. माझ्यामागून एक जण आला, तोही पडला. मग दुसरा. हरलो. नांदेडची पोरं हेडफोनवर हसत होती.

दादा माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. “टाकीवर हुता का?”

“हो.”

“दिसला हुता?”

“हो.”

बाकी काही नाही. मला वाटलं होतं झाडेल. त्यानं फक्त बाकीच्यांना जायला सांगितलं आणि मला थांबवलं. तेवढ्यात लोडशेडिंगची वेळ झाली, लाइट गेली, यूपीएस कोकलायला लागले. दहाही बंद करून आम्ही दोघं पायरीवर येऊन बसलो. भर दुपार. मावशींनी वरून दोन कप चहा पाठवला. दादाचं गाव भूकंपातलं आहे, एवढं सगळ्यांना माहीत होतं. त्यापुढचं त्यानं त्या दिवशी सांगितलं, चहा निवत असताना, माझ्याकडे न बघता.

तो तेरा वर्षांचा होता. गणपती बुडवून सगळे झोपलेले. हा चुलता-चुलतीबरोबर रानात आखाड्यावर, जनावरांपाशी झोपायला गेला होता, म्हणून वाचला. आई, वडील आणि धाकटी बहीण गावात घरी. दगडमातीचं घर, वर मातीचं जड माळवद. सकाळी हे तिघं गावात पळत आले तर गल्ली कुठली आणि घर कुठलं हे समजेना. मग मिलिटरीचे जवान आले. ढिगाऱ्यावर उभं राहून एका जवानानं हिंदीत विचारलं, इथं कोण झोपलं होतं, कुठं? चुलत्यानं बोट दाखवलं, पुढच्या खोलीत. कारण पोरगी रोज पुढच्या खोलीत झोपायची.

“पण त्या दिशी पाव्हणे आल्ते,” दादा म्हणाला. “म्हणून तिचं अंथरूण आत चुलीपाशी टाकलं हुतं. आखाड्यावर जाताना चुलता भायेर हुबा हुता, मी आत बघितलं की. मला म्हाईत हुतं.”

“मग?”

“मग काय. बोललो न्हाई. चुलता मोठा माणूस, तो सांगलाला. जवान हिंदीत बोललाला. मी आपला हुबा. त्येनी दुपारवर पुढची खोली उकरली. आतली दुसऱ्या दिशी.”

मी विचारलं, सांगितलं असतं तर ती वाचली असती का. त्यानं कप पायरीवर ठेवला.

“कुणाला म्हाईत. गेल्यालीच असंल आधी. पर सांगायला काय जात हुतं? दोन शब्द. आत. चुलीपाशी.”

कुठं, किती. त्याचा सगळा खेळ तिथून आला होता, हे मला त्या पायरीवर कळलं. तरी मी काही बोललो नाही. तेव्हाही नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं ऐकल्यावर तरी पोरगं सुधारलं असेल. खेळात सुधारलं. मेलो की मी पहिला बोलायला लागलो, इतका की पोरं म्हणायची, हा जिवंत असताना गप्प असतो आणि मेल्यावर तोंड उघडतो. आमची टीम त्या हिवाळ्यात नांदेडकडून एकदाही हरली नाही. खऱ्या गोष्टीत मात्र मी होतो तिथंच होतो.

दादाचा एक कडक नियम मी मुद्दाम आधी सांगितला नाही. क्लासच्या वेळेत क्लासच्या पोराला तो बसू देत नसे. दारापाशी भिंतीत खिळ्यांची ओळ होती. आत येताना गळ्यातलं क्लासचं कार्ड खिळ्याला अडकवायचं, जाताना काढून न्यायचं. निळं कार्ड म्हणजे रेग्युलर, त्यांचा क्लास दुपारी दोन ते पाच. पिवळं म्हणजे रिपीटर, त्यांचा क्लास सकाळी, दुपार मोकळी. दुपारी निळं कार्ड दिसलं की दादा हात दाखवायचा, “पळ. पाच वाजता ये.” आणि पाचला आलेल्याला आधी विचारायचा, आज काय शिकवलं. सांगता आलं नाही तर परत पाठवायचा. त्याच्यामुळे क्लासची हजेरी वाढली असेल, घटली तर नक्कीच नाही.

माझं कार्ड निळं होतं. आमच्या मेसला जेवणारा एक रिपीटर पोरगा मध्येच सोडून गावी गेला, त्याचं पिवळं कार्ड मला मिळालं. कार्डावर नाव नसायचं, नुसता नंबर आणि फोटो. त्याच्या फोटोवर मी माझा फोटो चिकटवला. लायब्ररीच्या फॉर्मसाठी काढलेल्यांतला एक उरला होता. दादाला सांगितलं, मी गेल्या वर्षी बसलो होतो, लाजेनं बोललो नाही, आता क्लासनं रिपीटरच्या बॅचमध्ये घातलंय. त्यानं खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, “त्येच्यात लाज कसली. दुसऱ्यांदा बसणारा जास्त शाणा असतोय.” आणि दोन महिने मी दुपारी दोन ते पाच त्याच्याकडे बसलो. माझं कार्ड पिवळं आहे म्हणून माझ्यावर त्याचा जास्तच जीव होता. पाणी आणून द्यायचा. हे लिहिताना आजही स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

क्लासनं गैरहजेरीचं अब्बांना कळवलं. अब्बा बाजाराच्या दिवशी दुकान बंद करून आले. मुखेडला बाजाराच्या दिवशी शिलाईचं दुकान बंद म्हणजे काय, ते तिकडच्या माणसालाच कळेल. एसटीनं आले, हातात अम्मीनं दिलेला डबा. क्लासच्या संचालकांनी त्यांना गाडीत बसवलं, बरोबर दुकानाच्या जागेचे मालक आणि आणखी दोन पालक घेतले, आणि सगळे मिळून दुपारी तीन वाजता दादाच्या दुकानात आले. मी तिसऱ्या खुर्चीवर होतो.

संचालक दादाला म्हणाले, “क्लासच्या वेळेत पोरं बसवता. हा रेग्युलर बॅचचा आहे. दोन महिने गायब आहे.”

दादा म्हणाला, “न्हाई साहेब. हा रिपीटर हाय. त्येचं कार्ड हाय की.” आणि खिळ्याकडे गेला.

त्यानं पिवळं कार्ड काढलं. प्लास्टिकवर बोट फिरवलं. फोटोचा कोपरा जरासा उचलला गेला होता, दोन महिन्यांच्या घामानं. खाली दुसऱ्या पोराचं कपाळ दिसत असणार. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. त्याला कळलं. कळलं ते मलाही दिसलं.

त्यानं कार्ड उलटं केलं आणि शर्टाच्या खिशात टाकलं. संचालकांनी हात पुढे केला होता, त्याकडे त्यानं लक्ष दिलं नाही. दुसऱ्याच्या कार्डावर फोटो चिकटवलेला पोरगा सापडला तर क्लास त्याच दिवशी नाव काढून टाकायचा, हे त्यालाही माहीत होतं. मग तो माझ्याकडे वळला.

“बोल,” म्हणाला. एवढंच.

अब्बाही म्हणाले, “बोल बेटा. जो हुआ सो सच बोल.” डबा अजून त्यांच्या हातातच होता.

काय बोलायचं होतं? मी खोटं कार्ड दाखवलं, त्यांना माहीत नव्हतं. एवढंच. दोन वाक्यं. आणि मी हाताची घडी घालून, खाली मान घालून बसलो, त्या बटण नसलेल्या कीबोर्डाकडे बघत. पांढऱ्या कोटाचं माप डोळ्यांसमोर होतं. अब्बांची मान खाली जाईल, क्लास जाईल, वर्ष जाईल. दादाचं काय जाईल ते मनात आलंच नाही, असं म्हणालो तर खोटं होईल. आलं होतं. तरी बोललो नाही.

दादानं वाट बघितली. मग संचालकांना म्हणाला, “चूक माझी साहेब. मी नीट बघितलं न्हाई. पोराला बोलू नका.”

जागेच्या मालकांनी महिन्याअखेर दुकान खाली करायला सांगितलं. ते खाली झालं. पहिले चार दिवस मी त्या गल्लीत गेलोच नाही, मेससुद्धा बदलली. पाचव्या दिवशी लांबून बघितलं. दादा एकटाच कम्प्युटर टेम्पोत ठेवत होता, एकेक उचलून, पायात त्याच स्लीपर. मला हाक मारता आली असती. मी रस्ता ओलांडून पलीकडे गेलो.

अब्बांनी मला पुन्हा कधी त्याबद्दल विचारलं नाही. एकदाच म्हणाले, “वो आदमी शरीफ था.” ते इतकी वर्षं गिऱ्हाइकांची मापं घेणारे, त्यांना माणूस कळत नसेल का.

मी डॉक्टर झालो नाही, हे वेगळं सांगायला नको. विष्णुपुरीला कॉलेजात प्रयोगशाळेत नोकरीला आहे, नांदेडला राहतो. बरं चाललंय. परवा भाचा आला होता, आठवीतला. मोबाइलवर तसलाच खेळ, आता सगळं ऑनलाइन, चार-चार जणांच्या टीम, वर रँकही दिसते. म्हणाला, “मामू, सोलोमें मैं अच्छा हूं, टीममें हर बार हारता हूं. क्या करूं?” आणि माझ्या तोंडून आपोआप यायला लागलं. एकटा पुढे पळू नको. जास्तीची बंदूक दुसऱ्याला दे. शिवी देऊ नको. आपला आकडा बघू नको. मेलास की आधी बोल, कुठं आणि किती. पोरगं ऐकतच राहिलं. “ये किसने सिखाया?”

नाव सांगितलं. तो म्हणाला, “अब कहां है वो?”

मला माहीत नव्हतं. लातूर किती लांब आहे हो नांदेडहून? इतक्या वर्षांत मी तिथं कितीदा तरी गेलो होतो, लग्नांना, कामांना, आणि त्या गल्लीचं वळण आलं की रिक्षावाल्याला दुसरीकडून घ्यायला सांगायचो.

पुढच्या रविवारी गेलो. दुकानाच्या जागी आता चष्म्याचं दुकान आहे. मेस अजून आहे. मावशी थकल्यात, त्यांनी ओळखलं नाही, पण दादाच्या गावाचं नाव सांगितलं. तिथून एसटीनं त्याच्या गावी. भूकंपानंतर वसवलेलं गाव, सरळ रेषेत आखलेले रस्ते, एकसारखी घरं. पूर्वीचं गाव थोडं अलीकडे, तिथं आता बाभळी आहेत. विचारत विचारत घर सापडलं. दारात एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती. दादाची चुलती.

मी विचारलं, दादा आहेत का.

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. “गेला की बाबा. मागल्या उन्हाळ्यात. काविळीचं निमित्त झालं.” आणि सूप बाजूला करून म्हणाली, “बस. कुठून आलास?”

दुकान मोडल्यावर तो गावीच आला होता. शाळेतले कम्प्युटर दुरुस्त करून द्यायचा, लोकांचे पीकविम्याचे फॉर्म भरून द्यायचा. लग्न केलं नाही. शेवटपर्यंत गल्लीतल्या पोरांना ओरडायचा, एकेकटे विहिरीवर जाऊ नका, जाताना सांगून जा. एवढं सांगून ती आत गेली आणि पत्र्याचा एक डबा घेऊन आली, बिस्किटांचा. “लातूरहून आणला हुता. काय हाय ते मला कळंना, टाकवंना बी. तू बघ बरं. कसली बटणं हायत ही? शर्टाची तर न्हाईत.”

टॅबची बटणं. एकेक मोजलं नाही, पण दहाच असणार. आणि त्यांच्या खाली पिवळं कार्ड. फोटो आता पूर्ण सुटला होता. खाली त्या रिपीटर पोराचा चेहरा, आणि वेगळा पडलेला मी, सतरा वर्षांचा, तेल लावून भांग पाडलेला.

चुलतीनं फोटो उचलला, डोळ्यांजवळ नेला, मग माझ्याकडे बघितलं. “ह्यो तूच का?”

मी सांगितलं. सगळं. कार्ड कुठून आणलं, फोटो कसा चिकटवला, त्या दिवशी कोण कोण आलं होतं, त्यानं कार्ड खिशात कसं टाकलं, काय विचारलं, आणि मी काय बोललो नाही. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होतो. बायकोलाही सांगितलेलं नाही. बोलताना रडू येत होतं, ते आवरलं नाही. तिनं शेंगा फोडणं थांबवलं होतं.

“हे त्येला सांगायचं हुतं की रं,” एवढंच म्हणाली.

“हो.”

“मग त्या दिशी का बोलला न्हाईस?”

“भ्यालो.”

“किती वर्साचा हुतास?”

“सतरा.”

तिनं फोटो परत डब्यात ठेवला, कार्डावर, जिथं मी तो चिकटवला होता तिथंच. झाकण लावलं. समोर रस्त्यापलीकडे पूर्वीच्या गावाच्या बाभळी दिसत होत्या, ती तिकडेच बघत होती.

“त्यो तेराचा हुता,” म्हणाली. “त्येला बी कुणी बोल लावला न्हवता.”

मग तिनं डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि चहा टाकायला आत गेली.